चित्रातून काढलेली म्हातारी

सरकून बसा जरा, मागच्यांनाही जागा होऊ द्या. आणि तो मोठा दिवा मालवा, डोळ्यांवर येतोय. हे मी कुठं ऐकून आलेलो नाही. ज्याच्यावर हे ओढवलं त्यानं माझ्या छापखान्यात, माझ्या समोरच्या खुर्चीत बसून मला सांगितलं. थोडं मी स्वतः पाहिलं. तुम्ही खरं माना नाहीतर सोडून द्या, माझा काही आग्रह नाही.

सुरुवात अगदी साध्या कामानं झाली. तो भिंतीचं माप घ्यायला निघाला होता.

तो म्हणजे आपल्या शहरातला फोटोग्राफर. लोक त्याला बर्फवाला म्हणायचे. आपल्याकडं थंडी कशी पडते तुम्हाला ठाऊक आहे. वारा हाडांत शिरतो, पण बर्फ काही कधी पडत नाही. आणि माणसाला जे मिळत नाही तेच हवं असतं. तर हा माणूस कुटुंबांना स्वेटर-टोप्या घालून हिरव्या कापडापुढं उभं करायचा, फोटो काढायचा आणि मग कंप्युटरवर त्यांना बर्फाच्या रस्त्यावर नेऊन सोडायचा. झाडांवर बर्फ, छपरांवर बर्फ, खांबांवर दिव्यांच्या माळा, तोंडातून निघणारी वाफ. त्याचं नाव इतकं झालं की एकदा एक मासेवाला दुकानात शिरून खरोखरच दोन लाद्या मागत होता.

पण काम वेड लावणारं होतं. रस्त्याचा दिवा खरा, फोटोतला. दिव्याखालचा बर्फ रंगवलेला. तो एक पेन घेऊन काळ्या पाटीवर रेघा ओढायचा आणि समोरच्या स्क्रीनवर बर्फ साचत जायचा. फोटो कुठं संपतो आणि रंग कुठं सुरू होतो ते ओळखून दाखवा, असं तो गिऱ्हाइकाला म्हणायचा. ओळखणारा कुणी भेटला नाही.

त्या वर्षी गरम कपड्यांच्या मोठ्या दुकानदारानं नवं दालन बांधलं आणि त्याची अख्खी मागची भिंत याच्या हवाली केली. वर्षअखेरची रात्र पाहिजे, म्हणाला. बर्फ पाहिजे, रोषणाई पाहिजे, एक सजवलेलं झाड, एक घर, घराच्या खिडकीत उजेड आणि आत हसतंखेळतं कुटुंब. माप घेऊन हा घरी आला तो पायऱ्या दोन-दोन चढत. एवढं मोठं चित्र त्यानं आजवर केलं नव्हतं.

घरात माणसं चारच. तो, त्याची बायको, मुलगी आणि आत्या. बायको इस्पितळात नर्स होती, आठवड्यातून काही रात्री तिची पाळी असायची. मुलगी सहा-सात वर्षांची, गोल चेहऱ्याची, तिला सगळे गुंडी म्हणायचे. आणि आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. याची आई लवकर गेली, तेव्हा याला आंघोळ घालण्यापासून कॉलेजला धाडण्यापर्यंत सगळं आत्यानं केलं. स्वतःचा संसार तिनं मांडलाच नाही. आता पाठीला पोक आलं होतं, गुडघे धरले होते. ती आणि गुंडी एका खोलीत झोपायच्या. दोघींची रात्री उशिरापर्यंत कुजबुज चालायची आणि हा भिंतीवर हात आपटून त्यांना गप्प करायचा.

आतल्या कुटुंबासाठी त्यानं बायकोचा नि गुंडीचा फोटो काढला. जेवणाचं टेबल, वरून पिवळा उजेड. छान आला. पण चित्र पुरं होईना. बर्फ होता, दिवे होते, तरी थंडी वाजत नव्हती. दोन दिवस डोकं धरून बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ऊब दाखवायची तर बाहेर कुणीतरी गारठलेलं हवं. खिडकीतून आत बघणारं. एखादी म्हातारी.

म्हातारी घरातच होती.

पहिले फोटो त्यानं स्टुडिओत काढले. आत्यानं मनापासून कुडकुडून दाखवलं. ते नाटक वाटत होतं. कातडी कशी आक्रसते, ओठांचा रंग कसा उडतो, खांदे कानांपर्यंत कसे जातात, हे सगळं रंगवता येईल असं त्याला वाटलं होतं. रंगवता येईना. मग एका रात्री बायको पाळीवर गेल्यावर तो आत्याला वर गच्चीत घेऊन गेला. अंगावर पातळ कपडे, पाय उघडे. केसांवर दिव्याचा उजेड चमकायला हवा म्हणून त्यानं तिच्या डोक्यावर नि खांद्यांवर पाणी मारलं. वारा सुटला होता.

आत्या उभी राहिली. तुझ्या कामाला येत असेल तर उभी राहते, एवढंच म्हणाली. पहिले काही फोटो झाले. तो म्हणाला, अजून थोडं. अजून झाले. तो म्हणाला, हनुवटी वर, खिडकीत बघितल्यासारखं कर. तिचे दात वाजायला लागले तेव्हा त्याला आनंद झाला. हे त्यानं मला सांगितलं, माझ्याकडं न बघता. आनंद झाला, म्हणाला.

"थंडी वाजतेय रे बाळा," ती शेवटी म्हणाली. "आता पुरे कर."

"पाच मिनिटं," तो म्हणाला.

ती पाच मिनिटं बरीच लांबली.

दुसऱ्या दिवशी आत्या तापानं फणफणली. छातीत कफ भरला. इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, एवढ्या थंडीत या भिजल्या कशा. त्यानं सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला. बायकोनं आत्याकडं पाहिलं. आत्या खाटेवरून म्हणाली, हो, मीच घसरले, माझंच लक्ष नव्हतं. तिनं त्याला सांभाळून घेतलं. लहानपणापासून घेत आली होती, तसंच. आणि त्याच आठवड्यात ती गेली.

तो रडला, खोटं कशाला बोलू. पण रडून झाल्यावर वर गेला आणि चित्रात आत्याला बसवलं. बर्फात, खिडकीपासून दहा-बारा पावलांवर. पाठीमागं बर्फात उमटलेली तिच्या अनवाणी पायांची रांग त्यानं एकेक करून रंगवली. आता चित्र बघून अंगावर काटा येत होता.

दुकानदारानं ते पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. बाकी झकास आहे, म्हणाला, पण ही म्हातारी काढा. लोक खरेदीला येणार, हिला बघून हळहळत बसतील. सणासुदीच्या चित्रात मरणकळा कशाला?

त्यानं हुज्जत घातली नाही. काढतो, म्हणाला.

आता नीट ऐका. डिसेंबरातला तिसरा शुक्रवार. दालन शनिवारी सकाळी उघडायचं होतं आणि मी पहाटेच छापायला बसणार होतो. थंडीची लाट आलेली. रेडिओवर दिवसभर सांगत होते, लहान मुलं-म्हाताऱ्यांना जपा. बायको रात्रपाळीला गेली. गुंडीला आठ दिवस खोकला होता, म्हणून तिला औषध पाजून, स्वेटर घालून झोपवायचं काम त्याच्याकडं होतं.

पांघरूण घालताना गुंडी म्हणाली, आत्याआजी गच्चीत उभी आहे, तिला आत घ्या ना बाबा. त्यानं दटावलं. ती म्हणाली, तिच्याकडं स्वेटर नाहीये. त्यानं दिवा मालवला आणि दार ओढून घेतलं.

त्याची कामाची खोली सगळ्यात वर. खोलीला लागूनच गच्चीचं दार. कंप्युटर तापला की तो ते दार उघडं टाकायचा, म्हणजे गार हवा यायची. त्या रात्रीही टाकलं होतं.

आत्याला काढायला काही वेळ लागला नाही. चित्र असं एकावर एक थर रचून केलेलं असतं, काचेवर काच ठेवावी तसं. आत्या एका थरावर होती. तो थर त्यानं पुसला. आत्या गेली. मागं मोकळा बर्फ राहिला आणि बर्फावर पावलांची रांग. ती वेगळ्या थरावर होती, हे तो विसरला होता. तीही पुसली. मग खाली जाऊन चहा टाकला. चहा उकळून घेऊन वर यायला जेमतेम दहा मिनिटं.

वर आला तर पावलं परत होती.

पुसायचं राहिलं असेल, असं म्हणून त्यानं पुन्हा पुसली. पेन घेऊन वर ताजा बर्फ रंगवला. चित्र लहान करून दुरून पाहिलं. खिडकी, झाड, माळा. सगळं ठीक. पुन्हा मोठं केलं.

पावलं होती. आणि आधी जिथं संपत होती तिथं आता संपत नव्हती. घराच्या दिशेनं दोन पावलं जास्त होती.

ती दोन पावलं त्यानं रंगवलेली नव्हती. स्वतःचा हात माणूस ओळखतो. त्याची पावलं सुबक असायची. ही फरफटत आलेली होती, गुडघे धरलेल्या माणसाची असतात तशी.

त्यानं बर्फ ओतला. जाड ब्रश घेऊन भराभर, सारवल्यासारखा. हात थांबला की खालून पावलं वर यायची. आणखी पुढं सरकलेली. झाडाच्या पलीकडं. मग झाडाच्या अलीकडं. मग खिडकीखाली.

आणि खिडकीची काच धुरकटली. बाहेरून. कुणीतरी तोंड लावून आत बघत असावं, तसा वाफेचा एक गोल. आत टेबलाशी त्याची बायको हसत होती, गुंडी हसत होती. तो गोल मोठा व्हायचा... लहान व्हायचा. मोठा व्हायचा...

चित्र हलत नसतं रे. फोटो हलत नसतो.

त्यानं खिडकी बंद केली. म्हणजे तिच्यावर लाकडी फळ्या रंगवल्या. आतला उजेड गेला. बायको दिसेना, गुंडी दिसेना. मग पावलं दाराकडं वळली. त्यानं दारावर कडी रंगवली. कडीवर कुलूप रंगवलं. घाईत कुलूप वाकडं आलं.

तेवढ्यात त्याला पाठीवर वारा लागला.

गच्चीचं दार उघडं होतं. बाहेर काळोख... टाकीजवळ काहीतरी उभं असल्यासारखं वाटलं. वाकलेलं. तो उठला, खुर्ची पडली, त्यानं धाडकन दार लावलं आणि वरचा नि खालचा असे दोन्ही अडसर सरकवले. दाराला पाठ लावून उभा राहिला.

बराच वेळ काही नाही.

मग टकटक झाली.

हळू. आणि खालून. माणसानं उभ्यानं दार वाजवावं तिथं नाही, त्याच्या कमरेशी. त्याला वाटलं, पोक आलेलं माणूस तिथंच वाजवणार. वारा पत्र्यावर आपटत होता. त्या आवाजातून कुणीतरी बोललं. पातळ आवाज. सगळं ऐकू आलं नाही. दोनच शब्द कळले.

"थंडी वाजतेय..."

त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. टकटक चालूच. मग तो दाराकडं तोंड करून बोलला. मी त्याला विचारलं, काय बोललास?  मग त्यानं सांगितलं.

"तू मेली आहेस," तो दाराला म्हणाला होता. "आम्हाला नकोस तू. जा."

टकटक थांबली.

एकदम थांबली. जणू कुणी समजून हात मागं घेतला...

पडलेली खुर्ची उभी करून तो बसला. पेन उचललं. आणि मग आवाज आला. आता पत्र्याचा आवाज नव्हता, वारा नव्हता. अगदी दाराच्या फटीशी. जुना, ओळखीचा, दमलेला आवाज.

"बाळा... दार उघड रे."

तो हलला नाही.

"माझ्यासाठी नको... माझ्यासाठी नको रे बाळा... उघड..."

त्यानं हेडफोन कानांवर चढवले. गाणी लावली. आवाज वाढवत वाढवत पार शेवटपर्यंत नेला. आणि काम करत राहिला.

पावलं आता येत नव्हती. त्यानं कुलूप पुसलं, कडी पुसली, फळ्या काढल्या. खिडकीत पुन्हा उजेड आला. बर्फ कोरा, स्वच्छ, जसा काही आत्ताच पडलेला. पहाटे त्यानं चित्र मला पाठवलं. मी छापलं. सांगतो ना, आयुष्यात इतकं देखणं चित्र माझ्या मशीनमधून निघालं नव्हतं. त्याच्याकडं बघत मी चहा प्यायलो.

तिकडं उजाडायच्या सुमारास त्याची बायको पाळीवरून आली. चप्पल काढली, हात धुतले आणि नेहमीप्रमाणं आधी मुलीच्या खोलीत गेली. मग वर आली. तो टेबलावर डोकं ठेवून झोपला होता, हेडफोन तसेच. तिनं ते काढले.

"गुंडी कुठाय?" तिनं विचारलं.

तो तिच्याकडं पाहत राहिला. तिनं पुन्हा विचारलं.  फक्त त्याची नजर हळूहळू दाराकडं गेली... खालच्या अडसराकडं... तिथून हलली नाही.

अडसर तिनं काढले.

गुंडी दाराशीच होती. अंगात स्वेटर नव्हता. तो टाकीजवळच्या कट्ट्यावर नीट पसरून ठेवला होता, कुणाला द्यायला आणावा तसा. बाप खाली चहा टाकत होता त्या दहा मिनिटांत ती उठून वर आली असणार, उघड्या दारातून बाहेर गेली असणार. आजीला स्वेटर द्यायला. आणि मग दार लागलं.

बायकोनं तिला उचललं, छातीशी धरलं, पाठ चोळली, तोंडात श्वास भरला. नर्स होती ती. तिला पहिल्या स्पर्शातच कळलं असेल. तरी ती बराच वेळ करत राहिली. पोरीची उजव्या हाताची बोटं सोललेली होती.

नंतर, सगळं झाल्यावर, तिनं नवऱ्याला एकच प्रश्न विचारला. तुला ऐकू आलं होतं का?

तो म्हणाला, नाही. कानांवर हेडफोन होते.

या वेळी त्याच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, मग आत जाऊन पिशवी भरू लागली. त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही. कुठं असते तेही त्याला ठाऊक नाही.

चित्र त्या दिवशी वेळेवर लागलं. दुकानदाराला दुपारपर्यंत पत्ता नव्हता. लोक त्या भिंतीपुढं उभं राहून फोटो काढून घेत होते. खिडकीत टेबलाशी बसलेल्या त्या पोरीकडं बघून बायका म्हणत होत्या, किती गोड आहे हो. पुढं दुकानदाराला कळलं, तरी थंडी सरेपर्यंत त्यानं ते उतरवलं नाही. विक्री चांगली होत होती.

बर्फवाल्यानं धंदा सोडला. सगळं मला येऊन सांगितलं ते पुढच्या वर्षी. सांगून झालं तरी उठला नाही.   घर रिकामं पडलं ते पडलंच, कुणी घेईना.

मी त्या सकाळी त्या गच्चीत गेलो होतो, चित्र लागल्याचं सांगायला म्हणून. मला खाली कुणी दिसेना म्हणून वर चढलो, आणि जे नको ते बघितलं. रात्रभर दव पडलं होतं. अख्खी गच्ची ओली, पांढुरकी. टाकी ओली, कट्टा ओला, तो पसरलेला स्वेटर ओला. फक्त दाराजवळ, पोरीचं डोकं होतं तिथं, एक जागा कोरडी होती. मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी.

त्या घरावरून मी अजून जातो. गेल्या पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या गच्चीतून डोकावलो. दोन दिवस संततधार लागली होती, सगळीकडं पाणी साचलं होतं.

ती जागा कोरडीच होती.